पन्हाळगड पाहायला निघण्यापूर्वी

कोल्हापूरपासून पन्हाळा सुमारे वीस किलोमीटरवर असल्यामुळे अनेक प्रवासी आमच्याकडे दोन तासांसाठीच गाडी मागतात. गाडी थेट गडावर जाते हे खरे. परंतु एवढ्या वेळात गड पाहून होत नाही, म्हणून किमान अर्धा दिवस हाताशी ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. अर्ध्या दिवसाच्या भाड्यात गाडी थांबण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

वाघबिळाचा घाट चढून आपण जेथून गडात शिरतो, तेथे पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ मधील गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. त्यामुळे गडाची मूळ बांधणी समजून घ्यायची असेल, तर पश्चिमेकडील तीन दरवाजा आणि त्याच्या शेजारची अंधारबाव आधी पाहावी. ही विहीर तीन मजली असून तळाशी पाणी आहे आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडण्याची वाट आहे.

सर्वाधिक वेळ मात्र अंबरखान्याला द्यावा. गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठारांपैकी गंगा कोठी सर्वांत मोठी आहे. तिच्या बाहेरच्या जिन्याने छतावर जाऊन, तेथील झरोक्यांतून धान्य आत ओतले जात असे. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरने चार महिने वेढा घातला असतानाही गड का तग धरू शकला, याचे उत्तर या जाड भिंतींच्या थंडगार अंधारात उभे राहिल्यावरच मिळते. त्यानंतर राजदिंडीकडे जावे. जुलैच्या भर पावसात शिवाजी महाराज याच वाटेने विशाळगडाकडे निसटले, शिवा काशीद यांनी महाराजांचा वेश घेऊन शत्रूला गुंतवून ठेवले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. हा प्रसंग आमचे चालक तेथेच उभे राहून सांगतात. तो घाईने ऐकू नये.

सज्जा कोठीवरून खालचा मुलूख दूरवर दिसतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यामुळे बहुधा काहीच दिसत नाही. त्या दिवसांत शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरण्याचा धोका असतो, म्हणून पकड असलेली पादत्राणे घालावीत आणि मुलांना तटाच्या कडेला एकटे सोडू नये.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत पन्हाळाही आहे. दगडांवर नावे कोरणे आणि प्लास्टिक टाकणे आम्हाला मनापासून क्लेशदायक वाटते. कचऱ्यासाठी प्रत्येक गाडीत पिशवी ठेवलेली असते, ती कृपया वापरावी.

गडावर झुणका-भाकरी आणि मडक्यातले दही चांगले मिळते. परतीच्या वाटेवर जोतिबाचे दर्शन घ्यायचे असल्यास चालकास सकाळी निघतानाच सांगावे, कारण रविवारी तेथे गर्दीमुळे बराच वेळ जातो.