फूट आणि क्युसेक: पुराच्या दोन आकड्यांतील गल्लत

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगलीच्या नदीकाठी दिवस दोन आकड्यांनी उजाडतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ किती फुटांवर आहे हा पहिला, आणि धरणांतून किती क्युसेक पाणी सोडले आहे हा दुसरा. गावच्या पारावर आणि मोबाइलवर हे दोन्ही आकडे एका दमात सांगितले जातात, आणि नदीकाठच्या मळीत ऊस असलेला शेतकरी त्यांतल्या नेमक्या चुकीच्या आकड्यावर विसंबतो, असे पुष्कळदा घडते.

फूट म्हणजे पातळी. त्या ठिकाणी, त्या क्षणी पाणी कुठवर आले आहे, एवढेच ती सांगते. ही फूटपट्टी त्या-त्या जागेची स्वतःची असते, हे मात्र सहज विसरले जाते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानतात, तर सांगलीच्या आयर्विन पुलावर त्याच पातळ्या ४० आणि ४५ फूट आहेत. म्हणून ‘सांगलीत कोल्हापूरपेक्षा दोन फूट जास्त पाणी आहे’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. प्रत्येक ठिकाणचा आकडा तिथल्याच इशारा आणि धोका पातळीशी ताडून पाहावा लागतो.

क्युसेक म्हणजे विसर्ग, अर्थात दर सेकंदाला वाहून जाणारे घनफूट पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला की १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते, आणि सातही उघडले तर सुमारे दहा हजार. हा आकडा ऐकून पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे, पण हिशेब मांडला तर दहा हजार क्युसेक दिवसभर वाहिले तरी पाऊण टीएमसीहून (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) थोडेच अधिक पाणी होते. पंचगंगेला मोठा पूर येतो तो एकट्या या दरवाजांमुळे नव्हे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चारही नद्या एकाच वेळी भरून येतात, आणि धरणांच्या खाली असलेल्या मुक्त पाणलोटात पडलेला पाऊस कोणत्याही दरवाजातून न जाता थेट नदीला मिळतो. त्या पाण्याचा आकडा धरणाच्या विसर्गात दिसत नाही. त्यामुळे ‘दरवाजे बंद आहेत, मग भीती नाही’ हा निष्कर्ष मला दोन्ही गैरसमजांतला अधिक घातक वाटतो.

विसर्ग तोच असूनही पातळी वेगळी असू शकते, याचे कारण फुगवटा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असेल, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही; ते मागे तुंबते आणि शिरोळ तालुक्यातील शिवारांत पसरते. वर पाऊस थांबून विसर्ग घटला, तरी इथली पातळी इंचाइंचानेच उतरते.

शेताच्या दृष्टीने हा फरक फार महागात पडतो. उंच वाढलेला ऊस बुडक्याशी पाणी घेऊन काही दिवस तग धरतो. पण पाणी शेंड्यावरून गेले आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, गाळ बसला, तर तो कुजतो. नव्या आडसाली लागणीची, म्हणजे पावसाळ्यात नुकत्याच लावलेल्या उसाची, उंचीच कमी असल्याने ती आधी बुडते, आणि सोयाबीन-भुईमुगाला तर त्याहूनही कमी मुदत मिळते. म्हणून पिकासाठी पातळीच्या आकड्याइतकाच पाणी किती दिवस उभे राहिले हा हिशेब महत्त्वाचा, आणि तो रोजच्या बातमीत क्वचितच असतो.

नियोजनाला मात्र दोन्ही आकडे लागतात, फक्त कामे वेगवेगळी. विसर्ग पुढची सूचना देतो. नदीकाठच्या मोटारी वर काढणे, खत-बियाणे हलवणे, जनावरांच्या चाऱ्याची सोय लावणे ही कामे त्यावरून सुरू करायची असतात. पातळी हा निर्णयाचा आकडा आहे. इशारा पातळीला तयारी पूर्ण हवी आणि धोका पातळीच्या आत माणसे-जनावरे बाहेर हवीत. करवीर तालुक्यातील चिखली-आंबेवाडीची माणसे दर मोठ्या पुरात घर सोडतात, ती पातळी पाहूनच. ‘काका, मोटार काढू का?’ असे पुतण्याने विचारल्यावर ‘अजून फूट कमी आहेत’ असे उत्तर देणारे काका पातळी बरोबर वाचत असतात, पण रात्रीत पाणी किती वेगाने चढते आहे, हे ते पाहत नाहीत. तासाला दोन बोटे चढणारे पाणी आणि तासाला अर्धा फूट चढणारे पाणी यांना आजचा एकच आकडा लावून चालत नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि २०२१च्या जुलैमध्ये त्याहूनही वर. दोन्ही वेळी पातळी धोक्याच्या खाली आल्यावर ‘पूर ओसरला’ असे म्हटले गेले. नदीपुरते ते खरे होते. मळीतल्या सखल वाफ्यांत साचलेल्या पाण्याला नदीकडे जायला ओढ्याची वाट लागते, आणि ओढ्याच्या तोंडाशी नदी भरलेली असेल तर ते तिथेच राहते. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला तेव्हा बांधावरूनच पीक पाहावे लागते.