फॅशन बाहुल्यांचे संग्राहक-संमेलन

फॅशन बाहुल्या जमवणाऱ्या प्रौढ हौशी मंडळींनी वर्षातून एकदा एखाद्या मोठ्या हॉटेलात तीन-चार दिवस एकत्र जमण्याची प्रथा. ती मुख्यतः अमेरिकेतली आहे आणि तिथे तिला ‘कन्व्हेन्शन’ म्हणतात. पॅरिस, माद्रिद, मिलान येथेही असे मेळावे भरतात. फॅशन बाहुली म्हणजे तरुण स्त्रीच्या (क्वचित पुरुषाच्या) बांध्याची, कपडे मिरवणे हेच जिचे मुख्य काम अशी बाहुली. मांडीवर घेऊन थोपटायची बाळबाहुली यात धरत नाहीत. चिनी मातीच्या तोंडाच्या जुन्या बाहुल्यांचे शौकीनही वेगळे. युनायटेड फेडरेशन ऑफ डॉल क्लब्ज ही त्यांची संघटना १९४९पासून आहे आणि आता ती नव्या बाहुल्यांनाही जागा देते. या नोंदीत मात्र फक्त नव्या बाहुल्यांच्या संमेलनांचा विचार केला आहे.

या सगळ्याचे मूळ बार्बीत आहे. मॅटेल या अमेरिकी खेळणी-कंपनीच्या रूथ हँडलर यांनी ९ मार्च १९५९ रोजी न्यू यॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ही साडेअकरा इंची बाहुली मांडली. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख आणि किंमत तीन डॉलर. जर्मनीतल्या बिल्ड लिली या बाहुलीवरून तिची कल्पना सुचली होती. बार्बीशी खेळलेल्या मुली वीस वर्षांनी मिळवत्या झाल्या. आईने कधीतरी कुणाला देऊन टाकलेली बाहुली त्या पुन्हा विकत घेऊ लागल्या, आणि १९८०मध्ये न्यू यॉर्कमध्ये बार्बी संग्राहकांचे पहिले राष्ट्रीय संमेलन भरले. तेव्हापासून ते गावोगाव फिरत आले आहे. ज्या शहराची पाळी, तिथले संग्राहक मंडळ यजमान. आपल्या साहित्य संमेलनासारखीच स्वागत समिती असते, विषय ठरतो, स्मरणिका निघते. रुसवेफुगवेही तसेच असतात. फक्त अध्यक्षपदाची निवडणूक तेवढी नसते.

१९९०च्या दशकात मुलांसाठी नव्हेच, मोठ्यांसाठीच घडवलेल्या बाहुल्या बाजारात आल्या. चित्रकार मेल ओडम यांची जीन मार्शल १९९५मध्ये आली. उंची साडेपंधरा इंच, आणि सोबत १९४०-५०च्या दशकांतल्या हॉलिवूड नटीची रचलेली जीवनकथा. रॉबर्ट टोनर हे आधी फॅशनच्या धंद्यातले. त्यांनी १९९१मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९९९मध्ये सोळा इंची टायलर वेंटवर्थ आणली. २००१मध्ये इंटिग्रिटी टॉइज या कंपनीची ‘फॅशन रॉयल्टी’ मालिका सुरू झाली. तिचा कर्ता जेसन वू तेव्हा विशीतही नव्हता. पुढे २००९च्या शपथविधी सोहळ्यातल्या नृत्यासाठी मिशेल ओबामांनी नेसलेला पांढरा झगा त्यानेच शिवला. बाहुल्यांच्या वर्तुळात ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात, जणू घरचा मुलगा परदेशी नाव काढून आला. उंची बदलली की कपडे बदलतात, कपडे बदलले की माणसेही वेगळी होतात. जीनचा झगा बार्बीला होत नाही, म्हणून प्रत्येक उंचीचा आपला गोतावळा झाला आणि बहुतेकांचे आपापले संमेलनही.

संमेलनाला जाणे म्हणजे आधी नोंदणी मिळवणे. जागा मोजक्या असतात, त्यामुळे काही ठिकाणी त्या उघडताक्षणी संपतात. शुल्कात सभागृहातली जेवणे आणि भेटवस्तू येतात. हॉटेलची खोली आणि प्रवास वेगळा. दिवसा कार्यशाळा चालतात. एका टेबलावर बाहुलीच्या केसांचे कुरळे वळण शिकवतात. बटा पेयाच्या प्लॅस्टिक नळीवर गुंडाळायच्या, कडकडीत पाण्यात बुचकळायच्या आणि थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या टेबलावर ॲसिटोनने कारखान्यातला चेहरा पुसून नवे डोळे-ओठ रंगवतात. व्हिनाइलचे, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचे डोके ॲसिटोन सोसते, कडक प्लॅस्टिकचे धड मात्र वितळून चिकट होते. हा धडा बहुतेकांनी एखादी बाहुली घालवूनच घेतलेला असतो.

खरी कसोटी लागते स्पर्धेच्या दालनात. स्वतः शिवलेला पोशाख, नव्याने रंगवलेला चेहरा, छोटेसे दृश्य असे विभाग असतात आणि परीक्षक भिंग घेऊन फिरतात. इथे सगळा हिशेब प्रमाणाचा. बार्बीच्या आकाराची बाहुली साधारण माणसाच्या एक षष्ठांश. म्हणजे तिच्या परकराला पाव इंचाची दुमड घातली, तर ती माणसाच्या कपड्यावर दीड इंच दिसेल. कापडाचा पोत, फुलांचा छाप, बटण, टाचणीच्या डोक्याएवढा मणी, सगळ्यालाच हा न्याय. जाड सुती कापड बाहुलीच्या अंगावर घोंगडीसारखे उभे राहते, म्हणून मुरलेले शिवणारे जुन्या रेशमी रुमालांच्या आणि टायांच्या शोधात असतात. बक्षीस फितीचे असते, पण एकेका झग्यामागे महिन्यांची मेहनत असते. या मेळाव्यांना नुसती खरेदीची जत्रा म्हणणाऱ्यांनी अर्धा तास या दालनात काढावा.

विक्रीचे दालन वेगळे, पण जाणकार वाट पाहतात ती रात्रीची. जेवण आटोपले की मजल्यामजल्यावर खोल्यांची दारे उघडी राहतात. दारावर कागद चिकटवलेला, आत पलंगाच्या चादरीवर ओळीने बाहुल्या आणि इस्त्रीच्या फळीवर इवले बूट. ‘खोलीविक्री’ म्हणतात ती हीच. इथली भाषा बाहेरच्याला दचकवणारी आहे. ‘न्यूड’ म्हणजे कपड्यांविना विकायची बाहुली, स्वस्त पडते म्हणून हौशी शिंपी तीच उचलतात. ‘एनआरएफबी’ म्हणजे खोक्यातून कधीच न काढलेली, ‘ओओएके’ म्हणजे एकुलती एक, हाताने घडवलेली. खोके उघडणारे आणि न उघडणारे असे दोन पंथ आहेत, आणि त्यांचा वाद कधी मिटत नाही. न उघडणाऱ्यांना बाहुली म्हणजे ठेव वाटते. पण बंद खोक्यातही प्लॅस्टिक म्हातारे होतच असते. १९६०च्या दशकातल्या बार्बीच्या कानांतल्या धातूच्या डुलांमुळे व्हिनाइल हिरवे पडते. ‘हिरवा कान’ हा या मंडळींचा रोजचा शब्द आहे, आणि सीलबंद खोके त्यावर उपाय नाही.

शेवटच्या रात्रीची मेजवानी हा संमेलनाचा कळस. गोल टेबले मांडलेली, मधोमध विषयाला साजेशी सजावट. ती घरी कोण नेणार, हे बहुधा चिठ्ठी काढून ठरते. बरेच जण विषयाप्रमाणे नटून येतात. बार्बीचा जुना पोशाख माणसाच्या मापाचा करून घालणाऱ्यांना टाळ्या ठरलेल्या. मग स्मृतिबाहुली वाटली जाते, त्या संमेलनापुरतीच काढलेली आणि तोवर कुणी न पाहिलेली. सगळ्यांच्या हाती पडेपर्यंत खोके उघडायचे नाही असा दंडक असतो. खूण झाली की शेकडो झाकणे एकदम उघडतात आणि सभागृहात पातळ वेष्टनकागदाचा सळसळाट उठतो. पहिली दाद संपते न संपते तोच अदलाबदल सुरू होते. बाहुली दोन-तीन केशरंगांत वाटली असेल, तर सोनेरी केसांची मिळालेली बाई खोके डोक्यावर धरून तांबड्या केसांच्या बाहुलीसाठी टेबलाटेबलांतून फिरते.

तक्रारीही इथूनच सुरू होतात. संमेलनाच्या बाहुलीची संख्या उपस्थितांच्या संख्येला बांधलेली असते. ज्यांना यायला जमले नाही त्यांना ती दुसऱ्या हातानेच, चढ्या भावात घ्यावी लागते. काही जण नोंदणी करतात ती बाहुली विकण्यासाठीच; तिच्या विक्रीतून प्रवासखर्च सुटतो. कंपन्यांना हे चालते, कारण दुर्मीळपणा हीच त्यांची जाहिरात. आपल्याला मात्र यात थोडा अन्याय दिसतो. ज्या शिवणारणीने स्पर्धेत फीत मिळवली तिच्या झग्याची किंमत कुणी विचारत नाही, आणि कारखान्यातून आलेल्या बाहुलीचा भाव त्याच रात्री ठरतो. दुसरी बाजू अशी की अनेक संमेलनांत धर्मादाय लिलाव होतात आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना त्यातून पैसे जातात. २०२०च्या महासाथीत अनेक मेळावे रद्द झाले, काही पडद्यावर भरले. बाहुली टपालाने आली, पण एकत्र उघडण्यातली गंमत काही टपालाने आली नाही.

भारताचा या विषयाशी संबंध येतो तो मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या ‘लिओ’ या खेळण्यांच्या नावामुळे. ‘लिओ मॅटेल’ असे छापलेल्या खोक्यांतून इथली बार्बी विकली जाई, त्यात साडी नेसलेली, कुंकू लावलेलीही होती. मुंबई-पुण्याच्या ज्या मुलींनी तिचे केस कात्रीने कापले त्यांना कल्पना नसेल, पण परदेशी संग्राहक या भारतीय खोक्यांच्या शोधात असतात. उलट दिशेची वाट खडतर आहे. खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क २० टक्के होते, ते २०२०मध्ये ६० आणि २०२३मध्ये ७० टक्के झाले. त्यामुळे इथल्या हौशीची बाहुली बहुधा न्यू जर्सीच्या मावशीच्या बॅगेतून, स्वेटरात गुंडाळून येते. तिकडे संमेलनाच्या शेवटच्या सकाळी हॉटेलच्या दिवाणखान्यात हेच दृश्य दिसते. उघड्या बॅगा, चिकटपट्टीचा करकराट, वजनकाट्यावर ठेवलेली सूटकेस, आणि ‘कपडे टपालाने पाठव, बाहुली हातात घे’ असा सल्ला देणारी कुणीतरी अनुभवी बाई.