डिझेल इंजिनाच्या पोटातली वीज

गाडी ओढणाऱ्या अख्ख्या धुडाला आपण इंजिन म्हणतो आणि त्याच्या पोटात धडधडणाऱ्या यंत्रालाही इंजिनच. या एकाच शब्दात एक गंमत लपून राहते. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांत पोटातलं यंत्र चाकांना हात लावत नाही. ते फक्त अल्टरनेटर फिरवतं. त्यातून निघालेली वीज आसांजवळच्या मोटारींना मिळते आणि गाडी ओढतात त्या मोटारीच. थोडक्यात, हे स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन हिंडणारं विजेचं इंजिन.

मग वीजघर उतरवून छपरावर पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, चढवला तर? वाराणसीच्या रेल्वे कारखान्यात डिसेंबर २०१७ मध्ये नेमकं हेच सुरू झालं. मालगाडीची दोन जुनी डब्ल्यूडीजी-३ए इंजिनं घेऊन ६९ दिवसांत १०,००० अश्वशक्तीची विजेची जोडगोळी तयार झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी तिला हिरवा झेंडा दाखवला.

काम मात्र वाटतं तितकं सरळ नाही. तारेत २५,००० व्होल्ट; मोटारींना लागतो त्याच्या जेमतेम काही टक्के दाब. म्हणून अवजड ट्रान्सफॉर्मर आला. तो अवजड आहे हे एका परीनं बरंच, कारण डिझेल यंत्र आणि इंधनाची टाकी काढली की कित्येक टन वजन घटतं, आणि इंजिनाला हलकं होणं परवडत नाही. पोलादी चाक पोलादी रुळाला धरून राहतं ते वजनाच्याच जोरावर. वजन कमी पडलं की चढावर चाकं जागच्या जागी गरगरतात. म्हणून कमी पडेल तेवढा भार मुद्दाम घालावा लागतो.

मला सगळ्यात रस वाटतो तो उताराचा. बोरघाटात कर्जतकडे उतरणारं डिझेल इंजिन वेग आवरताना मोटारींनाच जनित्र बनवतं. वीज तयार होते, पण ठेवायला जागा नाही! मग ती रोधकांत, म्हणजे विजेनं तापणाऱ्या पट्ट्यांत, जाळायची आणि पंख्यानं उष्णता बाहेर फेकायची. आधुनिक विद्युत इंजिन हीच वीज तारेत परत करतं, शेजारून चढणाऱ्या गाडीच्या कामी येते.

जिथे तार नाही तिथे ती बॅटरीत साठवायची, हा झाला हायब्रिड. लंडनच्या मॅरिलबोन स्थानकातून सुटणाऱ्या चिल्टर्न रेल्वेच्या एका जुन्या डिझेल गाडीत अशी बॅटरी बसवून २०२२ मध्ये प्रवासी नेऊ लागले. स्थानकात शिरताना तिचं डिझेल यंत्र बंद ठेवता येत होतं. पण निव्वळ बॅटरीवर लांबची मालगाडी ओढणं कठीणच. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, किलोभर लिथियम बॅटरीत पाव युनिटही नाही. मोटार डिझेल यंत्रापेक्षा दुप्पट काटकसरी धरली तरी हे अंतर भरून निघत नाही. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी, त्याला बॅटरी पुरू शकते. त्याचा निम्मा दिवस नुसतं घुरघुरत उभं राहण्यातच जातो.