मसल कारमध्ये दुसरं इंजिन आणि ‘मॅचिंग नंबर्स’ची भानगड

जुन्या शेव्हेल, कॅमारो, जीटीओ असल्या अमेरिकन मसल कारमध्ये दुसरं इंजिन नि गिअरबॉक्स बसवायचं म्हटलं की कुणीतरी हळहळतंच, अरे चांगली ओरिजिनल गाडी कशाला बिघडवताय. या हळहळीचं मूळ शोधायला थोडं मागं जावं लागतं, कारण मसल कार हा प्रकारच मुळात मोठ्या गाडीचं इंजिन छोट्या गाडीत घालून जन्माला आलाय.

त्याच्याही आधी पोरं १९३२ च्या फोर्डचं व्ही-८ काढून मिळेल त्या सांगाड्यात घालत होतीच. पण खरा फरक पडला १९५५ साली, शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक नावाचं आटोपशीर व्ही-८ इंजिन आलं तेव्हा. त्याची क्षमता सुरुवातीला २६५ क्युबिक इंच, मग २८३, ३२७, ३५० असं वाढत गेलं, पण मागं गिअरबॉक्स जिथं बसतो तिथली बोल्टची भोकं तीच राहिली, म्हणजे भंगारातलं कुठलंही उचललं तरी जुन्या गिअरबॉक्सला जोडता यायचं.

१९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ तर सरळ सरळ स्वॅप, म्हणजे इंजिनाची अदलाबदल आहे. शेव्हरोले आणि पॉन्टिअॅक दोन्हींची मालक कंपनी जनरल मोटर्स, तिचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन द्यायचं नाही. पॉन्टिअॅकच्या इंजिनियर मंडळींच्या लक्षात आलं की ३२६ आणि ३८९ बाहेरून एकाच मापाची आहेत, माउंटिंगही तीच, मग त्यांनी ३८९ घातलं आणि वेगळं मॉडेल म्हणून मंजुरी न मागता ल मान्स या आपल्याच गाडीवरचं ऑप्शन पॅकेज म्हणून विकलं. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या गेल्या. पुढं मर्यादा ४०० क्युबिक इंचांवर आली, तर काही डीलर कॅमारोचं इंजिन उतरवून ४२७ बसवून द्यायला लागले, आणि १९६९ मध्ये तर खास ऑर्डरवर कारखान्यातूनच ४२७ वाली कॅमारो निघाली. १९७० च्या मॉडेलला ती मर्यादाच गेली.

मग १९७१ ला कॉम्प्रेशन कमी झालं, १९७२ ला हॉर्सपॉवर नेट पद्धतीनं, म्हणजे इंजिनाला सगळी जोडणी लावून मोजायला लागले आणि आकडे खाली आले, १९७३ ला तेलाचं संकट आलं. या गाड्या कवडीमोल झाल्या, ड्रॅग स्ट्रिपवर इंजिनं फुटली, आणि फुटलं की जे हाताला लागेल ते बसवलं. तेव्हा जुना ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, जपून ठेवावा असं कुणाच्या डोक्यात पण आलं नाही, आणि म्हणूनच पुढं संग्राहकांनी किमती चढवल्या तेव्हा मूळ इंजिनवाली गाडी दुर्मिळ ठरली.

आता हा ‘मॅचिंग नंबर्स’ शब्द, म्हणजे गाडीत तिचं मूळ इंजिन आहे हे नंबरांवरून जुळतं असा दावा. आपल्याकडं आरसी बुकावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात, इंजिन बदललं की आरटीओत जाऊन नोंद करावी लागते, त्यामुळं आपल्याला वाटतं हा कायद्याचा शब्द असणार. तसं नाहीये. अमेरिकेत टायटलवर साधारणपणे फक्त गाडीचा व्हीआयएन, म्हणजे आपल्या चेसिस नंबरासारखा ओळख नंबर असतो, ‘मॅचिंग नंबर्स’ हा निव्वळ बाजारातला शब्द आहे आणि त्याचे किमान तीन अर्थ फिरतायत. पहिला कास्टिंग नंबर, म्हणजे ब्लॉक ओतताना उठलेला. तो जुळला म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, ३९७००१० हा एकच नंबर १९६९ पासून पुढं कितीतरी वर्षं ढिगानं ३५० ब्लॉकवर आहे. दुसरा अर्थ तारखेचा. कास्टिंगच्या तारखेत महिन्याला अक्षर असतं, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, आणि ती तारीख गाडी तयार व्हायच्या थोडी आधीची असली की विकणारा खुशाल ‘मॅचिंग’ म्हणतो, पण ते इंजिन त्याच गाडीचं असेलच असं नाही. तिसरा आणि माझ्या मते एकमेव खरा अर्थ म्हणजे ब्लॉकवर ठोकलेला व्हीआयएनचा तुकडा, शेव्हरोलेच्या गाड्यांवर तो १९६८ पासून सरसकट सापडतो.

मी एका दोस्ताच्या १९७० च्या शेव्हेलचं पॅड, म्हणजे ब्लॉकवरची हा नंबर ठोकायची सपाट जागा बघितलीय, ते उजव्या सिलिंडर हेडच्या पुढं, अल्टरनेटरच्या आड असतं, चिंधीनं तेलाचा थर पुसला, टॉर्च आडवा धरला तेव्हा कुठं दिसलं. बघायचे फक्त आकडे नसतात, त्याखालच्या बारीक समांतर रेघा बघायच्या, त्या कारखान्यातल्या मशीनच्या. ब्लॉकचं वरचं तोंड घासून घेतलं की त्या रेघा जातात आणि आकडेही जातात, मग लोक नवे आकडे ठोकतात. फसवणूक इथं होते, इंजिन बदलण्यात नाही. शिवाय ‘सीई’ ही अक्षरं ठोकलेले बदली ब्लॉक आहेतच, मूळ इंजिन वॉरंटीत बिघडलं म्हणून कंपनीनंच दिलेले, त्यांना काय म्हणायचं यावर अजून एकमत नाही. स्वच्छ सांगून बसवलेलं इंजिन आणि खोटा ठोकलेला नंबर या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकतात याचा मला मनापासून राग येतो.

१९९७ ला शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारमध्ये एलएस-१ हे नवं व्ही-८ इंजिन आलं, अॅल्युमिनियमचं, ३४५ हॉर्सपॉवर, आणि १९९९ पासून त्याचीच लोखंडी भावंडं पिकअप ट्रकमध्ये, म्हणजे काही वर्षांत भंगारवाड्यात ढीग. आजचे बहुतेक स्वॅप याच घराण्यातले. वरवर सोपं वाटतं कारण मागची भोकं जवळपास जुन्यासारखीच आहेत, पण क्रँकचा फ्लँज, म्हणजे गिअरबॉक्सकडचं टोक, साधारण ०.४ इंच पुढं सरकलाय, त्यामुळं जुना टीएच-३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावायचा तर मध्ये स्पेसर घालावा लागतो, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर नीट बसतच नाही. ऑईल पॅन क्रॉसमेंबरला, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीला अडतो. कार्ब्युरेटरला ५-७ पीएसआय दाबाचं पेट्रोल पुरायचं, याला ५८ लागतं, म्हणजे पंप, लाइन सगळंच नवीन. गिअरबॉक्स नवा घातला की मागचा क्रॉसमेंबर सरकवा, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदला, आणि गिअरबॉक्स नि डिफरन्शियलचे कोन एकमेकांशी जुळवा, नाहीतर ठराविक स्पीडला गाडी थरथरते.

गेल्या काही वर्षांत बाजारात गाडी न कापता बसणारी माउंटिंग, पॅन, हेडर (एक्झॉस्टचे पाइप) सगळं तयार मिळतं, त्यामुळं बरेच मालक मूळ इंजिन तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्टँडवर ठेवतात आणि विकताना गाडीबरोबर देतात. अडतं फक्त सहा गिअरच्या टी-५६ या मॅन्युअल गिअरबॉक्सला. तो जाडजूड आहे, बऱ्याच जुन्या गाड्यांत फ्लोअरचा टनेल, म्हणजे गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा, कापून उंच केल्याशिवाय बसतच नाही, आणि कापलेला पत्रा इंजिनासारखा परत बोल्टनं लावता येत नाही. म्हणून हल्ली गाडी बघायला आलेला जाणकार बॉनेट उघडायच्या आधी कार्पेट उचलून टनेल बघतो.