वाचता येत नाही की समजत नाही?

'वाचनात मागे आहे' हा एकच शेरा दोन अगदी वेगळ्या मुलांना मिळतो. एकाला डिस्लेक्सिया असतो, दुसऱ्याला विकासात्मक भाषा विकार, म्हणजे भाषा समजण्यात आणि वापरण्यातच अडचण. शिक्षक प्रशिक्षणात पहिल्याचं नाव तरी घेतलं जातं. दुसऱ्याचं अनेक शिक्षकांच्या कानावरही पडलेलं नसतं, आणि याची मला मनापासून काळजी वाटते.

डिस्लेक्सिया असलेलं मूल 'पर्यावरण'पाशी अडतं. रफार आणि 'य' यांच्याशी झगडता झगडता ओळीची सुरुवात विसरून जातं. तोच धडा त्याला वाचून दाखवा. उत्तरं भराभर येतात, वर एखादी शंकाही येते. त्याची अडचण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात आहे.

दुसरं मूल कदाचित तो धडा खडाखडा वाचेल, म्हणूनच ते नजरेतून सुटतं. बाई सांगतात, "वही दप्तरात ठेवण्याआधी तारीख लिहा." हे मूल वही सरळ दप्तरात टाकतं. बाईंना वाटतं, याचं लक्षच नाही. लक्ष होतं. त्याने ऐकलं त्याच क्रमाने केलं. 'आधी' या शब्दाने क्रम उलटा होतो, हे त्याच्या हाती लागलं नाही. गोष्ट सांगायला लावली तर 'ते', 'तिकडे', 'मग' एवढ्यावरच भागवतं. धडा वाचून दाखवला तरी त्याला फारसा फरक पडत नाही.

१९८६ मध्ये गफ आणि टनमर या संशोधकांनी वाचनाचं आकलन हा एक गुणाकार मानला: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता. एक बाजू शून्याकडे झुकली की उत्तरही तिकडेच जातं. आता बाजू कोणती, हे ओळखायला शिक्षकाला शिकवायला हवं. काही मुलांच्या दोन्ही बाजू कच्च्या असतात, हेही खरं.

भाषा विकार दुर्मीळ नाही. इंग्लंडमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांपैकी सुमारे साडेसात टक्क्यांमध्ये, दुसरं कुठलंही ज्ञात कारण नसताना, तो आढळला. नाव मात्र उशिरा ठरलं. मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप आणि सहकाऱ्यांनी तज्ज्ञांची सहमती घडवून २०१७ मध्ये ते मांडलं.

पहिल्या मुलाला ध्वनी, अक्षरं, जोडाक्षरं क्रमाने, स्पष्ट करून आणि भरपूर सरावाने शिकवावी लागतात. दुसऱ्याला शब्दसंपत्ती, वाक्यरचना आणि गोष्ट सांगणं शिकवावं लागतं. त्याच्याकडून जोडाक्षरंच घोटून घेतली तर वर्ष वाया जातं.

निदान करणं हे शिक्षकाचं काम नाही, ते तज्ज्ञांचं. पण पहिली खूण वर्गातच दिसते. म्हणून प्रशिक्षणात व्याख्यांपेक्षा मुलांच्या बोलण्याची आणि वाचण्याची ध्वनिमुद्रणं जास्त ऐकवावीत. शिक्षकांनी ती थांबवत थांबवत ऐकावीत, कुठे अडलं ते लिहावं. मग आपल्या वर्गातल्या एका मुलाला एक परिच्छेद वाचायला द्यावा, तेवढाच अवघड दुसरा वाचून दाखवावा, दोन्हींवर सारखेच प्रश्न विचारावेत आणि पुढच्या बैठकीला ती दोन्ही उत्तरं घेऊन यावं.