सुबाभूळ : पार्श्वभूमी

सुबाभळीच्या मराठी नावातच ‘सु’ आहे. गंमत अशी की जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या, आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने काढलेल्या यादीतही ती आहे.

तिचं मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि त्याला लागून असलेला मध्य अमेरिकेचा भाग. तिथल्या वाहाका राज्याचं नावच या वर्गातल्या झाडांवरून पडलं. त्यांच्या शेंगांमधल्या बिया लोक तिथे पूर्वापार खातात. 1565 पासून मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर आणि फिलिपिन्स यांच्यात स्पॅनिश गलबतं ये-जा करू लागली आणि त्या वाटेने हे झाड तिकडे पोचलं. फिलिपिन्समध्ये ते ‘इपिल-इपिल’ झालं. पुढे कॉफी-कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी ते उष्ण कटिबंधात सगळीकडे लागलं.

खरा डंका वाजला तो 1970 च्या दशकात. झपाट्याने वाढतं, मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र जमिनीत आणतं, सरपण देतं, पाल्यात प्रथिनं भरपूर! 1977 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यावर स्वतंत्र अहवाल काढला, आणि ‘चमत्कारी झाड’ म्हणून बी देशोदेशी गेलं.

पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी अमिनो आम्लही आहे, हे तोवर माहीत होतं. घोड्याने हा पाला पोटभर खाल्ला की आयाळ-शेपटीचे केस झडतात. ऑस्ट्रेलियात गुरांना त्रास व्हायचा, हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने उत्तर शोधलं ते शेळ्यांच्या पोटात: तिथले जिवाणू या विषाचा फडशा पाडत होते. ते ऑस्ट्रेलियन गुरांच्या पोटात सोडले आणि गुरं पाला पचवू लागली. 1992 मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांचंच नाव मिळालं.

दुसरा दणका किडीने दिला. रस शोषणारा एक इवलासा तुडतुड्यासारखा कीटक 1984 मध्ये हवाईत दिसला आणि काही वर्षांत पॅसिफिक ओलांडून आशियात, 1992 पर्यंत आफ्रिकेत पोचला. बाहेर गेलेली बहुतेक झाडं मोजक्याच वाणांची, जवळजवळ एकसारखी; त्यामुळे कोवळे शेंडे सरसकट करपले.

झाड संपलं मात्र नाही. वाळलेली चपटी शेंग उकलली की पंधरा-वीस चकचकीत, टणक बिया खाली पडतात. स्वतःच्याच परागावर बी धरत असल्याने एकटं झाडही पुरतं. तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं, आणि मातीतलं बी वर्षानुवर्षं टिकून राहतं.