पार्श्वभूमी : ‘नाही’ किती मोठ्याने म्हणायचं?

रत्नागिरी, दापोली, सावंतवाडीकडच्या कॉलेजांत प्रवेश उरकले की महिला विकास कक्षाचं व्याख्यान ठरतं. त्यात कलमं कळतात. ओळखीच्या मुलाला नकार कसा द्यायचा, आणि समोरची नकार देतेय हे ओळखायचं कसं, हे मात्र राहून जातं.

संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधाला मुलीची संमती कायद्याने कोणत्या वयापासून धरायची याचा, वाद जुना. 1891 मध्ये हे वय 10 वरून 12 झालं, तेव्हा त्याविरुद्ध हिरिरीने लिहिणारे ‘केसरी’चे संपादक टिळक जन्माने रत्नागिरीचेच. भांडण वयाचं होतं. मुलीला विचारायचं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिस ठाण्यातल्या अत्याचाराच्या खटल्यात दोन पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमतीच, असा तर्क. त्यावर देशभर रान उठलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पुढे 2013 मध्ये कायद्यात संमतीची व्याख्याच आली: शब्दांतून, हावभावांतून दिलेली स्पष्ट, स्वेच्छेची तयारी. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही, हेही तिथेच लिहिलं.

गुंता झाला 2017 मध्ये. दिल्लीत एका संशोधक विद्यार्थिनीच्या तक्रारीवरून खालच्या कोर्टाने 7 वर्षांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने आरोपीला संशयाचा फायदा दिला. दोघं ओळखीचे, शिकलेले. अशा वेळी क्षीण ‘नाही’चा अर्थ ‘हो’ असू शकतो, असं निकालात आलं. तिचा नकार त्याच्यापर्यंत पोचला का, याचीच कोर्टाला शंका होती. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटका कायम ठेवली. शंकेचा फायदा आरोपीला, हे तत्त्व मान्यच. पण व्याख्या ‘हो’ मागते, आणि निकाल ‘नाही’चा आवाज मोजत बसला.

इकडे कोकणात तर अनोळखी असतो कोण? वर्गातला मुलगा शेजारच्या वाडीचा, त्याच एसटीने येणारा, गणपतीत घरी आरतीला उभा राहणारा. त्याला तोडून बोलणार कसं? मग मुलगी ‘बघू’ म्हणते, ‘शेवटची गाडी चुकेल’ म्हणते, नाहीतर मेसेज वाचून गप्प बसते. मुलांच्या कट्ट्यावर याला ‘भाव खाते’ म्हणतात.

एक मुद्दा व्याख्यानात घाईत उरकतो. 2012 पासून संमतीसाठी वयाची अट 18 आहे, आणि आपल्याकडे बारावीचे नि पदवीचे वर्ग बऱ्याचदा एकाच आवारात भरतात. सतरा वर्षांच्या मुलीने मनापासून दिलेला होकारही कायदा धरत नाही. एफवायच्या मुलावर पॉक्सो, म्हणजे अल्पवयीनांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागू शकतो.